तीळ, जवस, कारळे : कोल्हापूरच्या ताटातील बियांचा वृत्तान्त

मराठीत 'तेल' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याच्या पोटात एक बी दडलेली आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संस्कृतात 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेले. पुढे खोबरे आले, करडई आली, शेंगदाणा आला, फार काय, जमिनीच्या पोटातून काळे खनिज द्रव्य उपसले जाऊ लागले. पण या सर्वांना आपण जे नाव दिले ते तिळाचेच. एका इवल्याशा दाण्याने एवढ्या मोठ्या पदार्थकुळाला आपले नाव द्यावे, यावरून त्याचे घरातील स्थान किती जुने असेल याची कल्पना येते. आपल्या बोलीतही तो जागोजाग विखुरला आहे. कोणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, कोणाचा तिळपापड होतो, कोणाचा जीव तीळ तीळ तुटतो, आणि जिथे माया आहे तिथे एक तीळ सात जण वाटून खातात.

हे सारे सांगण्याचे निमित्त असे. अलीकडे कोल्हापुरातील मोठ्या दुकानांत पारदर्शक पिशव्यांतून नाना प्रकारच्या बिया मांडलेल्या दिसतात. भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या, मेक्सिकोकडून आलेल्या चिया नावाच्या. आणि त्यांच्याच शेजारी, इंग्रजी नाव धारण करून, आपले जवसही. आमच्या धर्मग्रामातील माताभगिनी त्याविषयी आम्हांला विचारतात. हे खावे काय? मुलांना द्यावे काय? एवढे पैसे घालावेत काय? प्रश्न आहाराचा आहे, आणि आहारशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु इतिहासाची आम्हांला गोडी आहे, आणि या प्रश्नाचे अर्धे उत्तर इतिहासात आहे असे आम्हांला वाटते.

तिळापासूनच आरंभ करू. सिंधू संस्कृतीतील हडप्पा येथे उत्खननात जळून कोळसा झालेले तीळ सापडले. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षे हा दाणा या उपखंडात पेरला जात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, तिच्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या मुलखातून बाहेर जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप, कापड यांच्या बरोबरीने तिळाचे तेल आहे. त्याच सुमारास कोल्हापूर व्यापाराच्या या जाळ्यात होतेच. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पाहता येते. रोमन जगातील मूर्ती इकडे आली, तर इकडचे काहीतरी तिकडे गेलेच असणार.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील एक शिलालेख आम्हांला विशेष प्रिय आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी कायमची ठेव ठेवली, आणि ती कोणाकडे? कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यांत कुंभार आहेत, पाण्याची यंत्रे करणारे आहेत आणि 'तिळपिषक', म्हणजे तीळ पिळणारे, आहेत. तेल्यांची श्रेणी इतकी भरवशाची होती की तिच्या व्याजावर रुग्णांची शुश्रूषा पिढ्यान्‌पिढ्या चालेल, असा विश्वास त्या स्त्रीला वाटला. आजच्या भाषेत बोलायचे तर घाणा हीच बँक होती.

जवसाची कथा आणखी जुनी असावी, निदान महाराष्ट्राच्या अंगणात तरी. नर्मदेकाठी नावडातोली येथे डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीत जवसाचे दाणे मिळाले. पुणे जिल्ह्यातील चांदोली येथे (वारणेकाठचे, अभयारण्याचे चांदोली ते वेगळे) एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि ते मणी ज्या धाग्यात ओवले होते तो जवसाच्या झाडाचा निघाला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा आईबापांनी आपल्या लेकराच्या गळ्यात घातलेली ती माळ! संस्कृतात जवसाला 'अतसी' आणि 'क्षुमा' अशी नावे आहेत, आणि त्याच्या धाग्याचे वस्त्र ते 'क्षौम'. येथे एक गोष्ट आमच्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या मराठी बायबलात जिथे तागाचे तलम वस्त्र म्हटलेले आढळते, तिथे मूळचे वस्त्र या जवसाच्या धाग्याचे आहे. प्रभूचा देह ज्यात गुंडाळला ते वस्त्र आणि आपल्या स्वयंपाकघरातील चटणी, दोहोंचे झाड एकच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारावरच्या अधिकाऱ्यासाठी तेलाचे हिशेब दिले आहेत. जवसातून सहावा हिस्सा तेल निघावे, तिळातून चौथा. आजच्या मोजमापानुसार तिळात शंभरात सुमारे ४३ भाग आणि जवसात सुमारे ३७ भाग स्निग्धांश असतो. म्हणजे त्या काळच्या घाण्याने निम्म्याच्या आसपास सत्त्व पेंडीतच राहत होते, आणि ती पेंड जनावरांच्या मुखी लागत होती. बी अख्खी कुटून खाणारी गृहिणी मात्र काहीच वाया घालवत नव्हती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता कारळ्याकडे वळू. आणि येथे थोडे रेंगाळण्याची परवानगी वाचकांनी द्यावी, कारण कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखाची ही खरी बी. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, आजरा या बाजूला ज्या वरकस जमिनीत भात होत नाही तिथे नाचणी, वरी आणि त्यांच्या जोडीला कारळे, अशी जुनी रीत. पावसाळा सरता सरता डोंगरउतारावर त्याची पिवळी फुले दिसू लागतात आणि मधमाश्यांची झुंबड उडते. गुरे त्याच्या झाडाला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून दुसऱ्या पिकाच्या कडेने राखणदारासारखे ते पेरण्याचीही पद्धत होती. खत नको, पाणी नको, लाड नकोत.

या बीला आपल्याकडे 'खुरासणी' असेही नाव आहे. नावावरून ती इराणातील खुरासान प्रांताची वाटते. पण वनस्पतिशास्त्र तिचे मूळ आफ्रिकेत, इथिओपियात सांगते. तेथे तिला 'नूग' म्हणतात आणि आजही ते तेथील महत्त्वाचे तेलबी आहे. अरबी समुद्र ओलांडून ती फार प्राचीन काळी इकडे आली. तिच्या शास्त्रीय नावात दोन शब्द आहेत. दुसरा 'अबिसिनिका', म्हणजे अबिसिनियाची. आणि पहिला 'गिझोशिया', जो फ्रान्समधील विख्यात इतिहासकार व मुत्सद्दी फ्रांस्वा गिझो यांच्या सन्मानार्थ ठेवला गेला. राजकारण आणि इतिहास यांत आयुष्य वेचलेल्या या गृहस्थांचे नाव गगनबावड्याच्या माळावर डोलत असावे, हा योग गमतीचा खरा.

त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. हिंदुस्थानातून आणि इथिओपियातून कारळे अमेरिकेस जाते, आणि तेथे माणसे ते खात नाहीत, पाखरांना घालतात. तेथील परसबागांत टांगलेल्या नळकांड्यांतून गोल्डफिंच नावाचे पिवळे पक्षी ते टिपतात. त्यासोबत अमरवेलीसारख्या तणाचे बी देशात शिरू नये म्हणून ते उष्णता देऊन निर्जीव करूनच आत घ्यावे, असा तिकडचा नियम आहे. आमच्या डोंगरातील म्हातारी ज्या चटणीवर दोन भाकरी खाऊन दिवसभर नांगरामागे चालत होती, ती बी आता परदेशी पाखरांचा खाऊ झाली, आणि त्याच डोंगरातील नातवंडे पाखरांसारखी कुरकुरीत पुड्यांतले दाणे टिपीत बसली आहेत.

हे कसे घडले? कोल्हापूरच्या समृद्धीचा इतिहास आणि कोल्हापूरच्या बियांचा इतिहास हे एकमेकांच्या उलट दिशेने चाललेले आहेत, असे आमचे मत झाले आहे. १८८६ साली मुंबई सरकारने कोल्हापूर संस्थानचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. त्या काळी येथील शेती मुख्यतः पावसाच्या पाण्यावर होती. ज्वारीत, नाचणीत चार ओळी तिळाच्या किंवा कारळ्याच्या, पूर्वेकडील काळ्या रानात जवस आणि करडई, असा मिसळीचा व्यवहार होता. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तेथे भरभराटीस आला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनीच राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. पाणी आले, ऊस आला, खाजगी आणि मग सहकारी साखर कारखाने आले. शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, मुले शिकली, दवाखाने उभे राहिले. या साऱ्याला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. पण उसाच्या रानात मिसळीच्या चार ओळींना जागा राहिली नाही. आणि जे रानात उरले नाही ते हळूहळू ताटातूनही गेले. बाजारातून पावशेर कारळे विकत आणावे, असे कोणाला वाटेना. कारण ती वस्तू पूर्वी कोणी विकत आणलीच नव्हती.

दुसरा घाला तेलाच्या धंद्यावर पडला. गावोगावचे लाकडी घाणे यंत्राच्या गिरण्यांपुढे टिकले नाहीत. १९३७ साली 'डालडा' बाजारात आले. १९६९ च्या सुमारास सोव्हिएत रशियातून सूर्यफुलाचे वाण आणून त्याची लागवड सुरू झाली. नंतर आपल्याच जिल्ह्यात सोयाबीन पसरले. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबिया अभियान काढले आणि काही वर्षे देश स्वयंपूर्णतेच्या जवळ पोहोचला. पण १९९० नंतरच्या दशकात आयात मोकळी झाली आणि परदेशी पामतेलाचा लोंढा आला. आज आपण खातो त्यातील निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. बी गेली, तिचे तेल गेले, राहिला तो केवळ 'तेल' हा शब्द.

तरीही कोल्हापूरने सगळेच सोडले असे नाही. येथे 'चटणी' म्हणजे परगावच्या माणसाला वाटते ती तोंडीलावण्याची वस्तू नव्हे. उन्हाळ्यात मिरची आणून, धणे, जिरे, तीळ, खसखस, सुके खोबरे भाजून, कांदा-लसूण घालून डंकावर कांडून आणलेली वर्षभराची बेगमी, ती चटणी. प्रत्येक कालवणात ती पडते, आणि तिच्याबरोबर तीळही रोज पोटात जातात, कोणी मुद्दाम 'बिया खातो' असे न म्हणता. पांढऱ्या रश्शाच्या वाटणातही खसखस आणि तीळ आहेतच. तालमीत पैलवानांसाठी घोटली जाणारी थंडाई ही तर बियांचीच: बदाम, खसखस, बडीशेप, मगजाच्या बिया. शाहू महाराजांच्या आश्रयाने १९१२ साली खासबागचे मैदान तयार झाले, आणि तेथल्या मातीत उतरलेल्या कित्येक मल्लांची छाती या पाट्यावरच्या वाटणाने भरली.

भुईमुगाविषयी दोन शब्द. शेंगा आपल्याला इतक्या आपल्या वाटतात की त्या दक्षिण अमेरिकेतून आल्या हे खरे वाटू नये. पोर्तुगीजांच्या काळात त्या या खंडात आल्या. मिरची, बटाटा आणि राजगिराही मूळचे अमेरिकेकडचेच. ज्या राजगिऱ्याच्या लाडवावर आपले हिंदू शेजारी एकादशी करतात आणि आपल्यातलीही काही घरे उपवासकाळातील शुक्रवार काढतात, तो दाणा अमेरिकेतील आदिवासींच्या शेतातून आला आहे. त्यामुळे चिया परकी म्हणून तिला दाराबाहेर ठेवावे, असा युक्तिवाद आम्ही करणार नाही. कारळे परके, भुईमूग परका, राजगिरा परका; ताट मात्र आपले. आमचे म्हणणे एवढेच की किंमत मोजताना घरातील डबाही एकदा उघडून पाहावा. पाण्यात घातल्यावर चियासारखाच बुळबुळीत होणारा सब्जा आपल्या बाजारात पूर्वापार आहे. तो वेगळ्या झाडाचा, आणि चियात जी जवसासारखी स्निग्धाम्ले असतात ती त्यात तेवढी नसतील. पण ती हवी असतील तर जवस आहेच. जवसाच्या तेलात ओमेगा-३ जातीचे स्निग्धाम्ल सुमारे निम्मे असते.

आणि अळीव? ही बी प्रत्येक मराठी आजीला ठाऊक आहे. बाळंतिणीला अळिवाची खीर, नारळ-गुळात वळलेले अळिवाचे लाडू, सोबत बाळंतशोपा आणि ओवा. यात धर्माचा भेद कोणी पाहिला नाही; ख्रिस्ती घरातील बाळंतीणही तीच खीर प्याली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह, १०० ग्रॅम कारळ्यात ५६ मिलिग्रॅमहून अधिक लोह, आणि १०० ग्रॅम तिळात १४५० मिलिग्रॅम कॅल्शियम असे आकडे आहेत. त्याच संस्थेने २०१७ साली नवी कोष्टके काढली, आणि त्यांत लोहाचे पुष्कळ जुने आकडे खाली आले. तेव्हा जुन्या पुस्तकांतले आकडे तोंडपाठ करून कोणी रक्ताच्या गोळ्या बंद करू नयेत, ही आमची कळकळीची विनंती आहे. बी हे अन्न आहे, औषधाचा पर्याय नव्हे.

हे आम्ही इतक्या आग्रहाने का सांगतो? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि आधीच्या पाहणीपेक्षा हे प्रमाण वाढले आहे. ज्या काळात धरणे झाली, कारखाने झाले, घरोघर दुचाकी आल्या, त्याच काळातले हे चित्र. रविवारच्या मिस्सेला दीर्घकाळ उभे राहिल्यावर एखाद्या तरुण मुलीला घेरी येते, तेव्हा लोक उन्हाला दोष देतात. ऊन कोल्हापुरात पूर्वीही होते. एकट्या कारळ्याच्या चटणीने हे दुखणे जाणार नाही. पालेभाजी, कडधान्ये, अंडी-मासे, जंताचे औषध, वैद्याचा सल्ला, सारे हवे. तथापि ज्या ताटात पूर्वी भाकरीच्या कडेला चटणीचा ढीग असे आणि आता नुसती साखरेची पोळी किंवा बिस्किटे असतात, त्या ताटातून काय गेले हे विचारण्याचा अधिकार इतिहासालाही आहे.

२०२४ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात दाणे व तेलबिया मिळून सुमारे ३५ ग्रॅम धरल्या आहेत. मूठभर शेंगदाणे आणि दोन-तीन चमचे चटणी एवढ्यात ते भागते. यासाठी वेगळे पथ्य नको, वेगळी न्याहारी नको. भाकरीवर तीळ लावावेत, जसे भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीला लावतात. पण भोगी वर्षातून एकदाच का? वांग्याच्या, दोडक्याच्या, गवारीच्या भाजीत कारळ्याचे किंवा तिळाचे कूट घालावे. आमटीला दाण्याचे कूट कोल्हापुरात कोणाला शिकवावे लागत नाही.

जवसाच्या बाबतीत एक पथ्य पाळावे. अख्खा दाणा गुळगुळीत आणि टणक असल्याने न चावता गिळला तर तसाच बाहेर पडतो. म्हणून भाजून कुटूनच खावा. कच्च्या जवसात थोडे विषारी द्रव्यही असते, ते भाजण्याने कमी होते, आणि रोजचा एक-दोन चमच्यांचा वाटा पुरे. अळीव बाळंतपणानंतरची वस्तू आहे; गरोदरपणी ते घेऊ नये, असे जुन्या बायका सांगत आल्या, आणि ते ऐकावे. काही मुलांना तिळाचे किंवा शेंगदाण्याचे वावडे असते, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. तिथे आग्रह करू नये. चटणीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी लागण्यास मदत होते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर अडथळा येतो. ही दुसरी सूचना कोल्हापुरात फारशी कोणी मनावर घेणार नाही, हे आम्ही जाणतो.

कृती ज्यांना ठाऊक नाही अशा नव्या सुनांसाठी एवढेच. कारळे निवडून, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे. करपले तर कडू होते. जवस, तीळ वेगवेगळे भाजावेत, कारण तिघांना लागणारा वेळ सारखा नाही. गार झाल्यावर सुकी लाल मिरची, लसणाच्या पाकळ्या, जिरे आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटावे. मिक्सरमध्ये फिरवायचेच असेल तर थांबत थांबत, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. कुटलेल्या बीचे तेल हवेने लवकर खवट होते. म्हणून महिन्याची करून ठेवू नये, आठ दिवसांपुरतीच करावी आणि झाकणाच्या बरणीत भरावी.